इकडे बघ, इकडे!

आमच्या चिरंजिवांचे माझ्याकडे चौदा हजार तीनशे फोटो आहेत. त्यातल्या चार-साडेचार हजारांत ते स्वतः आहेत. उरलेल्यांत ते होते, पण मी बटण दाबेपर्यंत निघून गेले. त्यामुळे आमचे पडदे, सोफ्याचा हात आणि आईचे गुडघे यांचे फोटो माझ्याइतके जगात कोणाकडे नसतील. मधूनच कोपऱ्यात एक टाच दिसते. ती आमची.

कॅमेरा घेतला तेव्हा बायकोला सातवा लागला होता. "फोनमध्ये आहे की कॅमेरा," ती म्हणाली. मी तिला कागदावर दोन्ही सेन्सरचे आकार काढून दाखवले. तिनं कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि "पाळणा बाकी आहे" एवढंच म्हणाली. पाळणा शेवटी सासऱ्यांनी आणला.

बाबांचं दुखणं वेगळंच. त्यांच्याकडे अग्फाचा क्लिक थ्री होता. रोलमध्ये मोजून बारा फोटो, आणि सेटिंग म्हणजे काय, तर ऊन आहे की ढग. "बारा फोटोंत आम्ही तुझं बारसं, ताईचा वाढदिवस आणि महाबळेश्वर उरकलं," हे ते मला महिन्यातून एकदा ऐकवतात. "एक उरला, तो रोल संपवायचा म्हणून दारात उभी करून तुझ्या आईचा काढला." तो उरलेला फोटो गेली चाळीस वर्षं हॉलमध्ये टांगलेला आहे. मी त्याच्याकडे शक्यतो बघत नाही.

पण मी शिकायचं ठरवलं होतं. रात्री दोनला दूध पाजून झालं की बायको झोपायची आणि मी व्हिडिओ बघायचो. सगळे गुरुजी एकच सांगत होते, 50 एमएमची लेन्स घ्या, एफ 1.8वाली, म्हणजे छिद्र मोठं उघडणारी, मागचं सगळं धूसर होतं. घेतली. मागचं सगळं धूसर झालं, पुढचंही झालं. एवढं छिद्र उघडून दीड मीटरवरून फोटो काढला तर जेमतेम सहा सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, ही गोष्ट गुरुजी हळू आवाजात सांगतात. आता चालू शकणारं मूल सहा सेंटिमीटरच्या आत थांबेल का? मी डोळ्यावर फोकस धरायचो, तो मान वळवायचा. परिणामी त्याच्या डाव्या कानाच्या पाळीचे माझ्याकडे असे फोटो आहेत की लव मोजून घ्यावी.

मग कळलं की धावत्या मुलासाठी शटर निदान 1/500 हवं, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागात उघडून मिटणारं. शटरचा वेग वाढवला की उजेड कमी पडतो, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवायचा. आमचा हॉल पश्चिमेचा, सकाळी त्यात पेपरही वाचता येत नाही. आयएसओ 6400वर नेला. फोटो स्पष्ट आला, पण गालांवर रवा सांडल्यासारखे दाणे. सासूबाईंना पाठवला तर त्यांचा लगेच फोन, "अहो, त्याला घामोळं आलंय का? वाळ्याचं पाणी लावा."

शेवटचा उपदेश म्हणजे मुलाच्या उंचीवर या. हे पटलं. उभ्यानं वरून काढलेल्या फोटोत मूल म्हणजे नुसतं मोठं डोकं आणि त्याला चिकटलेले दोन बूट. म्हणून मी जमिनीवर आडवा होऊ लागलो. उतरायला सोपं असतं ते.

हे सगळं ज्ञान घेऊन मी यंदाच्या बोरन्हाणाला उभा राहिलो. म्हणजे, आडवा झालो.

तयारी चोख होती. संध्याकाळी पाचला गॅलरीतून सुरेख तिरपं ऊन येतं, म्हणून पाट तिथे मांडायचं ठरलं होतं. आईनं येऊन विचारलं, "पूर्व कुठे आहे?" पूर्व स्वयंपाकघराच्या बाजूला आहे. चिरंजीव पूर्वेकडे तोंड करून बसले, म्हणजे सगळं ऊन त्यांच्या पाठीवर आणि चेहऱ्यावर आमची जुनी चोकवाली ट्यूब. ही ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, 1/500च्या शटरला कळतं. एका फोटोत मुलाला कावीळ, पुढच्यात उतार, तिसऱ्यात पुन्हा कावीळ.

त्यात काळं झबलं. कॅमेऱ्याच्या मीटरला जग करडं असावं असं वाटतं. समोर काळं आलं की त्याची समजूत होते अंधार पडला, तो घाईघाईनं उजेड वाढवतो आणि मूल पिठाच्या डब्यातून काढल्यासारखं दिसतं. हे मला ठाऊक होतं! मी एक्स्पोजर आधीच एक घर खाली आणून ठेवलं होतं. हे कोणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगतोय.

डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, दंडाला बाजूबंद. मुकुटाचा दोरा हनुवटीला टोचत होता आणि हारातले दाणे सुटे होऊन तोंडात जात होते, त्यामुळे मूड बरा होता. मी पाटासमोर पोटावर. आणि माझ्या मागे नऊ बायका.

"सोन्या, इकडे बघ!" आत्या वाटीवर चमचा वाजवत होती. "चिऊ आली, चिऊ," आजी. शेजारच्या काकूंनी बडबडगीत धरलं. मावशी मोबाइलवर कुत्र्याचं भुंकणं लावून बसली होती. प्रत्येकीच्या हातात फोन, आणि प्रत्येकीचं "इकडे" वेगळं. मुलानं एकदा सगळ्यांकडे बघून घेतलं आणि मग पंख्याकडे बघत बसलं. तो बंद होता.

"अगं, त्याला चीज म्हणायला सांगा," कोणीतरी म्हणालं. ही चूक झाली. हा शब्द ऐकला की आमचा मुलगा डोळे गच्च मिटतो, होते नव्हते तेवढे सगळे दात दाखवतो आणि दाढ दुखत असल्यासारखा ताठ होतो. यालाच फोटो म्हणतात अशी त्याची समजूत आहे. ती कोणी करून दिली हे मला माहीत आहे.

औक्षण सुरू झालं. निरांजनाचा पिवळा उजेड गालावर आला, एकदम चित्रातल्यासारखा, आणि मी बटण दाबूनच धरलं. खाडखाडखाडखाड. रॉमध्ये, म्हणजे कच्च्या, न दाबलेल्या फाइलमध्ये काढत होतो, कारण गुरुजी म्हणतात रॉमध्येच काढा. पण रॉ फाइल जड, आणि माझ्या स्वस्तातल्या कॅमेऱ्याला सहा-सात काढले की धाप लागते. तो लाल दिवा लुकलुकवत कार्डात एकेक फाइल ढकलत बसतो, तोवर बटण दाबा नाहीतर नमस्कार करा, सारखंच.

नेमक्या त्या क्षणी आईनं माप पालथं केलं. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, रेवड्या, शिवाय हल्लीच्या पद्धतीप्रमाणे चॉकलेटं, सगळं धबधब्यासारखं डोक्यावरून खाली आलं. पोरगं आधी दचकलं, मग वर बघून जे काही हसलं! तसं ते त्यापूर्वी हसलं नव्हतं. मी हे सगळं व्ह्यूफाइंडरमधून अतिशय स्पष्ट बघितलं. लाल दिवा लुकलुकत होता.

पुढच्या सेकंदाला सोसायटीतली अकरा पोरं चॉकलेटांवर तुटून पडली. त्यातली चार माझ्यावरून गेली.

ते हसू मेहुणीच्या फोनमध्ये आलं. अर्ध्या फ्रेममध्ये तिचा अंगठा आहे, तरी आठवडाभर घरातल्या प्रत्येकाचा डीपी तोच. माझाही.

रात्री सहाशे बारा फोटो संगणकावर चढवले. बायको शेजारी बसून चुरमुऱ्यांतली बोरं वेचत होती. काविळीचे बाजूला, हललेले बाजूला, पंख्याकडे बघणारे बाजूला, असं करत शेवटी एक फोटो असा निघाला की पापणी न् पापणी स्पष्ट, उजेड नेमका, मागचं सगळं लोण्यासारखं धूसर. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा, खिशात चॉकलेटं कोंबताना. त्याच्या आईनं तो मोठा करून फ्रेम केला. माझ्या कारकिर्दीतली ती एकमेव फ्रेम आहे आणि ती तिसऱ्या मजल्यावर आहे.

फेब्रुवारीत नर्सरीचा फॉर्म आला. पासपोर्ट साइज फोटो, दोन प्रती. पांढरी पार्श्वभूमी, डोळे उघडे, दोन्ही कान दिसले पाहिजेत.

"चौदा हजारांत एक नसेल?" बायकोनं विचारलं.

मी दोन तास शोधलं. "डावा कान आहे," म्हटलं.

कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेलो. पुढे झेरॉक्स आणि लॅमिनेशन, मागे पडदा, पडद्यामागे एक स्टूल. काकांनी मुलाला स्टुलावर बसवलं, कॅमेऱ्याच्या पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा अडकवला आणि एकदा खुळखुळ केलं. मुलानं बघितलं. खाट. झालं. इकडे बघ नाही, तिकडे बघ नाही. आठ कॉप्या हातात येईपर्यंत माझ्या पायातली चप्पलसुद्धा नीट निघाली नव्हती.

काकांनी माझ्या खांद्यावरच्या बॅगेकडे बघितलं. "भारी कॅमेरा दिसतोय. विकायचाय का?"

विचार करून सांगतो म्हटलं. निघता निघता त्यांच्या त्या जुडग्याचा एक फोटो काढून घेतला.

तोही हलला.