आईची मूठ आणि साडेतीनशेची बरणी

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. घाई असेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार मुलांची ‘कृतज्ञता कार्यशाळा’ झाली. पोरामागे 4,500 रुपये. बरणी वेगळी, तिचे 350. काचेची बरणी, खटक्याचं झाकण, आतून रबराची चकती, गळ्यात सुतळीची गाठ. रोज रात्री पोरांनी दिवसभरातली एक चांगली गोष्ट चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायची. अशाने म्हणे उपकार जाणायची सवय लागते. लेकीचं नाव बायकोने मला न विचारताच घातलं होतं. विचारलं असतं तर मी काय बोललो असतो हे तिला माहीत आहे, म्हणूनच.

आता ज्या घरात ही बरणी आली, त्या घरात काय चालतं ते ऐका.

माझी आई रोज सकाळी भाकरीचं पीठ परातीत घेण्याआधी ज्वारीच्या डब्यातून एक मूठ काढते आणि बाजूच्या पाच किलोच्या स्टीलच्या डब्यात टाकते. न बोलता. हात जोडणं नाही, डोळे मिटणं नाही. खट्टकन झाकण, की लगेच तव्याखाली गॅस. डबा भरला की गोणीत रिकामा करायचा. आषाढात गोणीतलं धान्य गिरणीत जातं आणि त्या पिठाच्या भाकरी दिंडीला. हे तिच्या आईचं, त्याआधी आजीचं. आमचं आजोळ तरडगावजवळ, माउलींच्या पालखीच्या वाटेवर. चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं ना, तिथून चालत जाण्याइतकं. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, ही ज्वारी कुणाची? “माउलीची,” ती म्हणाली आणि जात्याकडे वळली. बास. एवढीच आमची कार्यशाळा. फी नाही, प्रमाणपत्र नाही, बॅनरवर हसणाऱ्या बाईंचा फोटो नाही.

72 च्या दुष्काळात आई दहा वर्षांची होती. आजी-आजोबा खडी फोडायला जायचे. रेशनवर लाल मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली, आणि पोरांना सुकडी. मिलोची भाकरी नीट थापताही यायची नाही, कडा चिरायच्या, असं आई अजून सांगते. त्या वर्षीसुद्धा आजी गाडग्यात मूठ टाकत होती. मिलोची मूठ! आई म्हणते, “मूठ ल्हान झालती, पर व्हती.” आता हे साडेचार हजारांत कोण शिकवणार आहे मला सांगा.

आज रागारागात मी आईला म्हटलं, जरा मूठ काट्यावर टाक. “तुमचं आपलं कायबी,” म्हणाली, पण टाकली. 42 ग्रॅम. 365 ने गुणा, 15 किलो 330 ग्रॅम. एका भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धरलं तरी दीडशे भाकरी. माझ्या आईचा देव असा दीडशे भाकरींचा आहे. देवळात ती वर्षातून चारदा जाते, तेही कुणी रिक्षात घालून नेलं तर. सावतोबा अरणचा आपला मळा सोडून पंढरीला गेलेच नाहीत, आणि आजही पंढरपूरहून देवाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते, हे आपण सगळे जाणतो. जाणतो आणि मग पोरांना हॉलमध्ये पाठवतो.

हां, आता कुणी म्हणेल, जुनं ते सगळं सोनं नव्हतं. नव्हतंच. आजोळी त्या चार दिवसांत बाईने कणगीला हात लावायचा नाही, ती मूठ आजोबा टाकायचे. हे चांगलं नव्हतं. आणि आजच्या मुलांना घरात बघायला मिळतंच काय, आम्ही सकाळी साडेसातला बाहेर, हेही खरं. घ्या, मान्य केलं.

पण आपल्या डोळ्यांसमोर रोज जे चाललंय ते दिसू नये? याचाच मला राग येतोय. दिसू नये म्हणजे...

थांबा. आता एवढं लिहिलंच आहे तर पुढचंही लिहितो.

दोन वर्षांपूर्वी किचनच्या ट्रॉल्या बदलल्या, तेव्हा ओट्याखालून हाच डबा निघाला. त्या वर्षी आईचे गुडघे धरले होते, त्यामुळे तो गोणीत रिकामा व्हायचा राहिला होता. झाकण उघडलं तर वरच्या थरात सोंडे. काळे, वळवळणारे. सुतार समोर उभा, मला मीटिंगची घाई. मी ओरडलो, “आई, हा काय कचरा साठवून ठेवलायस?” आणि पाचही किलो ओल्या कचऱ्याच्या बादलीत ओतली. मूठ मूठ करून चार महिन्यांची ज्वारी होती ती. उन्हात घालून, पाखडून, चाळून घेतली असती तर निम्मी तरी वाचली असती. हे मला कळत नव्हतं असंही नाही, याच आईने मला सूप धरायला शिकवलंय.

आई काही बोलली नाही. बादलीकडे बघितलं आणि सुताराला चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी प्यायला गेलो तर ओट्यावर च्यवनप्राशचा रिकामा डबा, पुसून ठेवलेला, आणि त्यात तळाला मूठभर ज्वारी. पुढे तो मोठा डबा मीच घासून तिला परत दिला. माफी नाही मागितली. आपल्याकडे आईची माफी कुठे मागतात. निदान आमच्यात नाही मागत.

हे बायकोला माहीत आहे. म्हणूनच आज मी बरणीवरून तणतणत होतो तेव्हा ती फक्त “हो का?” एवढंच म्हणाली.

तर संध्याकाळी लेक बरणी घेऊन आजीपुढे बसली. आजीने विचारलं, “ह्यात काय टाकायचं असतं?” लेकीने समजावलं, चिठ्ठ्या, आजी, थँक्यूच्या. आईने बरणी हातात घेतली, खटका दोनदा उघडून लावला, रबराच्या चकतीवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आरं, हे झाकन लई ब्येस हाय की. ह्यात किडा जायाचा न्हाय.”

मी काय बोलणार.

दोघींचं काय ठरलं कोण जाणे. आत्ता फोन चार्जिंगला लावायला उठलो तर बरणी ओट्यावर, तव्याशेजारी. तळाला चार बोटं ज्वारी, त्यात दोन बिब्बे आणि काचेला चिकटलेली एक गुलाबी चिठ्ठी. चिठ्ठीची घडी माझ्या बाजूला होती, अक्षर आत.

पालखी हडपसरला यायला अजून महिना आहे.