नदीकाठच्या मोटरीचा रिमोट आणि 915 चा सेट: आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

एक स्टार देऊन तुम्ही दोन तक्रारी लिहिल्यात. आमच्याकडून नेलेला मोटरीचा वायरलेस रिमोट सांगितल्याइतक्या अंतरावर चालत नाही, ही एक. तुम्ही परदेशातून ऑनलाइन मागवलेला 915 मेगाहर्ट्झचा सेट आम्ही बसवून दिला नाही, उलट ‘कायद्याची भीती घालून स्वतःचा माल खपवतात’, ही दुसरी.

पहिली तक्रार खरी आहे आणि चूक माझी आहे. फेब्रुवारीत तुम्ही सेट नेलात तेव्हा ऊस तुटून गेला होता. घरापासून पंचगंगेच्या काठापर्यंत रान मोकळं, सिग्नल सरळ जात होता, म्हणून मी छातीठोकपणे सांगून बसलो. आता खोडवा डोक्याच्या वर गेलाय. हिरव्या पाल्यातलं पाणी सिग्नल शोषून घेतं. हे मला ठाऊक होतं, तेव्हाच बोलायला हवं होतं. मोटरीकडचा अँटेना पेटीवरून काढून उसाच्या शेंड्यापेक्षा उंच पाइपवर चढवू. पाइप, केबल, मजुरी सगळं आमचं. तरीही रेंज आली नाही तर सेट परत घेऊन पूर्ण पैसे देईन.

915 च्या बाबतीत मात्र माझा नकार कायम आहे. 902 ते 928 मेगाहर्ट्झ हा फ्रिक्वेन्सीचा पट्टा अमेरिकेत अशा छोट्या यंत्रांना खुला आहे. आपल्याकडे 890 ते 915 मध्ये मोबाईल फोन टॉवरशी बोलतात. तिथे तुमचा सेट बोलायला लागला तर शेजाऱ्याच्या फोनमध्ये अडथळा येऊ शकतो, आणि विनापरवाना प्रक्षेपणाची जबाबदारी तुमच्यावर येते. भारतात 2005 पासून 865 ते 867 मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरता येतं, 2021 मध्ये ते 868 पर्यंत वाढवलं. आम्ही दिलेला सेट त्याच पट्ट्यातला आहे.

‘सॉफ्टवेअरमधून 866 करून द्या’ असंही तुम्ही म्हणाला होता. आकडा बदलेल, पण अँटेना 915 साठीच कापलेला असल्याने रेंज आणखी पडेल. शिवाय परवाना लागत नाही म्हणून मान्यताही लागत नाही, असं होत नाही. त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेची ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराची मान्यता लागते. तुमच्या खोक्यावर किंवा कागदांत ती कुठे दिसली नाही. आमच्या सेटची प्रत दुकानात आहे, मागितली की दाखवतो.

मोठा अँटेना लावून रेंज वाढवा, असं बरेच जण सुचवतात. या पट्ट्यात ट्रान्समीटरला 1 वॅट आणि अँटेना एका दिशेला एकवटून सोडतो त्या ताकदीला 4 वॅट ही मर्यादा आहे. पूर्ण 1 वॅट सोडला तर फार मोठा अँटेना नियमात बसत नाही. म्हणून मी ताकदीऐवजी उंची वाढवतो. पट्टा सगळ्यांचा सामायिक आहे. आपण कुणाला त्रास द्यायचा नाही, आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर संरक्षण मागता येत नाही. उद्या शेजारच्या मळ्यातही असाच रिमोट आला तर दोघांचे चॅनल वेगळे लावून देणं हे माझं काम.

त्या दिवशी शाहूपुरीतल्या दुकानात गर्दी होती. हे सगळं समजावण्याऐवजी मी ‘नाही जमणार’ म्हणून खोकं तुमच्याकडे सरकवलं. चारचौघांत तसं वागायला नको होतं, माफ करा. रात्रीच्या लाईटला बॅटरी घेऊन उसातून नदीवर जावं लागू नये म्हणूनच तुम्ही हा रिमोट घेतला होता, हे मी विसरलेलो नाही.

येत्या रविवारी सकाळी मी स्वतः पाइप घेऊन येतो. या आठवड्यात तुमच्याकडे रात्रीची पाळी कोणत्या दिवशी आहे तेवढं कळवा, तेव्हाही थांबून घरातून मोटर चालू-बंद करून बघू.