आसान्याची डायरी आणि कट्ट्यावरची भांडणं

काल पाऊस थांबल्यावर कट्ट्यावर भलताच विषय निघाला. बारक्या म्हणे लेखकाने राजकारणात पडूच नये, पडला की त्याचा आसान्या होतो. अण्णा म्हणाले, "हा कोण बाबा नवीन?" अहो स्पेनचा मान्युएल आसान्या, १९२६ ला साहित्याचा राष्ट्रीय पुरस्कार, १९३१ ला राजाने गाशा गुंडाळला की आधी युद्धमंत्री, त्याच वर्षी पंतप्रधान आणि १९३६ ला थेट राष्ट्राध्यक्ष.

वकील लगेच त्याची केस घेऊन बसला. लष्करात नको तितके ऑफिसर होते, त्यांना फुल पगारावर घरी बसायची सोय केली, स्पेनच्याच कॅटलोनिया प्रांताला स्वायत्तता दिली, अजून काय करायचं माणसाने? बारक्या उसळला, "आणि संसदेत उभं राहून स्पेन आता कॅथलिक राहिला नाही हे कोण बोललं?" वकील म्हणे अरे त्याचा मुद्दा संस्कृतीचा होता, पूर्ण भाषण वाच. "पूर्ण भाषण कोण वाचतं रे, सगळ्यांनी ते एकच वाक्य धरलं ना!" इथे मला बारक्याचं पटलं, लेखकाला टाळीच्या वाक्याचा मोह सुटत नाही.

डायरीचा किस्सा तर भारीच. हा रोज लिहायचा आणि त्यात सहकाऱ्यांची बिनपाण्याने करायचा. १९३६ ला स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटल्यावर वह्या जिनिव्हाला मेव्हण्याकडे ठेवल्या, मेव्हणा तिथे कॉन्सुल, तर त्याच्याच हाताखालच्या माणसाने तीन वह्या ढापून शत्रूच्या, म्हणजे बंडखोर जनरल फ्रँकोच्या लोकांना दिल्या आणि त्यांनी सोयीचे तुकडे छापले. वह्या परत मिळाल्या १९९६ ला, त्याही फ्रँकोच्या मुलीकडून. अण्णा इतके हसले की कटिंग सांडला.

मग मी मे १९३७ चं सांगितलं. बार्सिलोनात आसान्याच्याच बाजूची माणसं एकमेकांवर गोळ्या झाडतायत, राष्ट्राध्यक्ष आत अडकलेला, आणि तो काय करतोय तर पुस्तक डिक्टेट करतोय, ज्यात काही लोक स्पेनमधल्याच बेनिकार्लो गावाच्या एका मुक्कामाच्या ठिकाणी भेटतात आणि हे युद्ध का झालं यावर वाद घालत बसतात. "म्हणजे कट्टाच की," अण्णा म्हणाले.

पुढच्या वर्षी १८ जुलैला भाषणात म्हणाला शांती, दया, क्षमा. कोणी ऐकलं नाही. युद्ध हरत आलं तसा फेब्रुवारी १९३९ मध्ये फ्रान्सच्या हद्दीत शिरला, वाटेतला काही भाग तर पायी. ३ नोव्हेंबर १९४० ला फ्रान्समधल्याच मोंतोबाँ गावात वारला, तिथल्या सरकारने शवपेटीवर स्पेनच्या रिपब्लिकचा, म्हणजे राजा गेल्यावरच्या प्रजासत्ताकाचा झेंडा टाकू दिला नाही, शेवटी मेक्सिकोच्या वकिलातीने आपला टाकला.

जरा वेळ कोणीच बोललं नाही.

"ते सगळं ठीके रे," बारक्या म्हणाला, "पण वह्या मेव्हण्याकडे ठेवायच्या नव्हत्या."