‘गाडी झाकून ठेवा, खर्च शून्य’: विलायतेतल्या गाडीच्या फॉरवर्डला उत्तर

कोल्हापुरातल्या निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मुलगा किंवा लेक इंग्लंडात असलेल्या आई-वडिलांसाठी लिहिलेला. थोडक्यात तो असा:

“वर्षातले चार-पाच महिने मुलाकडे राहता ना? मग भाड्याच्या गाडीवर पैसे कशाला घालवता? तिथं एखादी जुनी डिझेल गाडी घ्या. नोंदणी मुलाच्या पत्त्यावर होते. विमा मुलाच्या नावानं काढा, स्वस्तात बसतो. मग गाडी घरातलं कुणीही चालवा. आपलं लायसन्स तिथं वर्षभर चालतं. परत येताना गाडी झाकून ठेवा, विमा आणि टॅक्स बंद, खर्च शून्य. तिथला विमा परवडत नसेल तर इथल्या पॉलिसीला परदेशाची जोड घ्या. पुढं गाडी नकोशी झाली तर ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्ये इकडं आणा, ड्युटी माफ.”

मी मोटार विम्याचं काम करतो, त्यामुळे हा मेसेज “हे खरं हाय का ओ?” एवढ्या एका ओळीसकट माझ्याकडे येत असतो. लिहिणारा लबाड नसावा. त्यानं आपल्या एमएच ०९ गाडीचे नियम उचलून तिकडच्या गाडीला लावलेत, एवढंच. पण गाडी ज्या देशात उभी असते त्या देशाचा कायदा तिला लागतो. मालक राजारामपुरीत राहतो की ताराबाई पार्कात, याच्याशी तिकडच्या पोलिसाला काही देणंघेणं नसतं.

सगळ्यात महागात पडणारी ओळ आधी घेतो: “मुलाच्या नावानं विमा काढा, मग कुणीही चालवा.”

आपल्याकडे विमा गाडीचा असतो. नेहमीच्या खाजगी गाडीच्या पॉलिसीत वैध लायसन्स असलेला आणि मालकाच्या परवानगीनं चालवणारा कोणीही चालतो. म्हणून आपण भाच्याला, शेजाऱ्याला, लग्नाच्या गडबडीत पाहुण्यालाही बिनधास्त किल्ली देतो. ब्रिटनमधल्या नेहमीच्या पॉलिसीत चालवणाऱ्यांची नावं लिहिलेली असतात. ज्याचं नाव नाही तो विम्याशिवाय गाडी चालवतोय असं धरलं जातं, मग तो मालकाचा सख्खा बाप का असेना. रस्त्यावरचे कॅमेरे नंबर वाचून ही गाडी विम्याच्या यादीत आहे का ते तपासतात, आणि अडवल्यावर पोलीस चालकाचं नावही पडताळू शकतात. विम्याशिवाय चालवल्याचा ठरावीक दंड ३०० पौंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट, म्हणजे गुन्ह्याच्या नोंदीचे गुण. प्रकरण कोर्टात गेलं तर दंडाला वरची मर्यादा नाही. गाडी जागेवर जप्त होऊ शकते. शिवाय ज्यानं किल्ली दिली तोही गुन्ह्यात येतो, म्हणजे मुलगा.

यावर एका काकांनी मला फोनवर सांगितलं, “अहो, मग माझं नाव घालू की दुसरा ड्रायव्हर म्हणून. मेन पोरगाच ऱ्हाऊ दे, हप्ता कमी बसतोय.”

हे आणखी वाईट. त्या पोराकडे स्वतःची वेगळी गाडी आहे. ही दुसरी गाडी काकाच चालवणार. तिथल्या विम्याचा फॉर्म ऑनलाइन भरायला घ्या, प्रश्न सरळ असतात: मुख्य चालक कोण? गाडीचा नोंदलेला कीपर, म्हणजे नोंदणीत जबाबदार म्हणून नाव असलेला, कोण? रात्री कुठं उभी असते, रस्त्यावर, ड्राइव्हवर (घरापुढच्या स्वतःच्या जागेत) की गॅरेजमध्ये? ब्रिटनमध्ये कधीपासून राहता? लायसन्स कुठल्या देशाचं? यातल्या पहिल्याच प्रश्नाला हप्ता वाचवण्यासाठी खोटं उत्तर दिलं, की त्याला तिथं ‘फ्रंटिंग’ म्हणतात आणि ती फसवणूक धरली जाते. ग्राहकानं विमा घेताना खरी माहिती देण्याबद्दल तिथं २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. जाणूनबुजून खोटं सांगितलेलं आढळलं तर कंपनी पॉलिसी रद्द धरते, दावा नाकारते आणि भरलेला हप्ताही सहसा परत करत नाही. समोरच्या जखमी माणसाला कंपनीला पैसे द्यावेच लागतात, पण ते ती नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते. गाडी चार हजार पौंडांची असली तरी माणसाच्या दुखापतीची भरपाई कुठपर्यंत जाईल याचा अंदाज मी सुद्धा करायला धजणार नाही.

सरळ रस्ता कंटाळवाणा आहे. मुलाच्या चालू गाडीवर, आपण तिथं आहोत तेवढ्या काळापुरतं, आपलं नाव जोडून घ्यायचं. भारतीय लायसन्स आहे, पाहुणे म्हणून आलोय, हे स्पष्ट सांगायचं. काही कंपन्या नाही म्हणतात. काही दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या छोट्या पॉलिसीही मिळतात. हप्ता ऐकून डोळे पांढरे होतील हे खरं, कारण इथल्या तुमच्या नो क्लेम बोनसला तिथल्या बऱ्याच कंपन्या विचारत नाहीत. पण तो हप्ता आणि भाड्याची गाडी शेजारी शेजारी मांडून बघा. भाड्यात विमा, टॅक्स, दुरुस्ती सगळं धरलेलं असतं.

आता “झाकून ठेवा, खर्च शून्य.”

हा समज कुठून आला ते कळतं. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरण्याबद्दल बोलतं. बंगल्याच्या आवारात ताडपत्री टाकून ठेवलेल्या गाडीचा विमा संपला म्हणून आपल्याकडे कुणी नोटीस पाठवत नाही. ब्रिटनमध्येही पूर्वी साधारण तसंच होतं. २०११ पासून तिथं नियम उलटा झाला. गाडी चालवा न चालवा, एक तर तिचा विमा चालू हवा, नाहीतर ती रस्त्यावरून काढल्याचं सरकारला कळवलेलं हवं. नोंदणीची यादी आणि विम्याची यादी संगणकावर ताडून पाहतात आणि विमा नसलेल्या गाडीच्या कीपरला पत्र जातं. दुर्लक्ष केलं तर १०० पौंड दंड, कोर्टात हजारापर्यंत, शिवाय गाडीला जॅमर. म्हणजे काका रंकाळ्यावर फिरायला जात असतात आणि पत्र मुलाच्या दारात पडतं.

गाडी रस्त्यावरून काढल्याचं कळवायच्या सोयीला ‘सॉर्न’ म्हणतात. ती फुकट आहे, ऑनलाइन होते, आणि भरलेल्या टॅक्समधले उरलेले पूर्ण महिने परत मिळतात. मेसेजमधलं अर्धं वाक्य इथं खरं ठरतं. पण अट अशी, की गाडी खाजगी जागेतच हवी. घरासमोरचा रस्ता चालत नाही. आणि इंग्लंडात ओळीनं चिकटून बांधलेल्या घरांत राहणाऱ्या मुलाकडे बहुतेक वेळा घरासमोरचा रस्ताच असतो! सॉर्न केलेली गाडी आधी ठरवलेल्या एमओटीला, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का ते पाहणाऱ्या तपासणीला, नेण्यापलीकडे रस्त्यावर आणली तर दंड अडीच हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो. तीन वर्षांवरच्या गाडीला ही एमओटी दरवर्षी लागते. तुम्ही इकडं असताना ती संपली, तर पुढच्या उन्हाळ्यात उतरल्या उतरल्या गाडी काढता येत नाही; आधी विमा, मग तपासणी, मग टॅक्स. दमट हवेत महिनोन्‌महिने उभी राहिलेली बॅटरी आणि गंजलेल्या ब्रेक डिस्का हा खर्च वेगळा.

जर्मनीत असलेल्यांसाठी एक सोय मात्र खरंच छान आहे. शिरोली एमआयडीसीतून तिकडं गेलेली बरीच मुलं आहेत, म्हणून सांगतो. तिथं हंगामी नंबरप्लेट मिळते. वर्षातले दोन ते अकरा महिने ठरवायचे, ते महिने प्लेटवरच छापून येतात, आणि टॅक्स-विमा त्या महिन्यांचाच. बाकीच्या काळात गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करायची नाही. इंग्लंडात असलं काही नाही.

आणि उभ्या गाडीला विमा कशाला, हे कोल्हापूरकरानं तरी विचारू नये. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, नागाळा पार्कात शिरलं, तेव्हा बुडालेल्या कितीतरी गाड्या पार्किंगमध्ये उभ्याच होत्या. पाणी ओसरल्यावर सीटवर बोटभर गाळ, डॅशबोर्डच्या आत चिखल, आणि मालकाच्या हातात फक्त थर्ड पार्टीची पॉलिसी. त्या कागदावर स्वतःच्या गाडीचा एक रुपया मिळत नाही. सॉर्न केलेल्या गाडीला तिथं विम्याची सक्ती नाही, पण आग, चोरी, पडझड यांना सॉर्न कळत नाही.

“नोंदणी मुलाच्या पत्त्यावर होते.” होते. पण त्या नोंदणीच्या कागदावर ज्याचं नाव तो कीपर, म्हणजे गाडीची जबाबदारी वाहणारा. हा मालकीचा पुरावा नाही असं त्या कागदावरच छापलेलं असतं. आपल्या आरसीसारखा तो समजू नका. पैसे दिल्याची पावती जपून ठेवा. वेगाची नोटीस कीपरच्या नावानं निघते, साधारणपणे १४ दिवसांच्या आत, आणि चालवत कोण होतं ते २८ दिवसांत लेखी कळवावं लागतं. नाही कळवलं तर कीपरलाच दंड आणि ६ पॉइंट. कीपर सून असली आणि कोल्हापूरजवळच्या पाचगावच्या रस्त्यावर असल्यासारखी सासऱ्यांनी गाडी पळवली म्हणून तिच्या लायसन्सवर पॉइंट चढले तर घरात काय होईल ते तुम्हीच ठरवा.

त्यातच, जुनी गाडी विकत घेताना आधीच्या माणसानं भरलेला टॅक्स २०१४ च्या ऑक्टोबरपासून गाडीबरोबर येत नाही. विकणाऱ्याच्या दारातून निघण्याआधी आपला टॅक्स आपण भरायचा. आणि “जुनी डिझेल” हा सल्ला लंडनच्या बाबतीत तर फारच भारी! २०२३ च्या ऑगस्टपासून जवळपास सगळं लंडन कमी प्रदूषणाच्या झोनमध्ये आहे. साधारण २०१५ च्या आधीची डिझेल गाडी त्यात फिरवली तर त्या दिवसाचे साडेबारा पौंड.

लायसन्सची ओळ बरोबर आहे, एवढं मान्य. पाहुणा म्हणून गेलेल्याला आपल्या वैध भारतीय लायसन्सवर, शेवटचं त्या देशात शिरल्यापासून १२ महिने साधी गाडी चालवता येते. पण हेच वाचून तिथं नोकरी करणारी मुलंही निर्धास्त होतात, आणि तिथं घोळ होतो. रहिवाशाचे १२ महिने तो रहिवासी झाला त्या दिवसापासून मोजतात. दिवाळीला कोल्हापूरला येऊन गेलं म्हणून ते नव्यानं सुरू होत नाहीत. भारतीय लायसन्स तिथं बदलून मिळत नाही, नव्यानं परीक्षा द्यावी लागते. ज्याचे हे १२ महिने संपलेत त्यानं भारतीय लायसन्सवर चालवलं तर विमाही धोक्यात.

ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सचं जवळपास सगळंच चूक. ती सवलत परदेशात बराच काळ राहून कायमचं परतणाऱ्याच्या घरसामानाला असते. पाहुणचाराला गेलेल्या बापाला ती नाही, आणि गाडी तर त्यात बसतच नाही. वापरलेली गाडी आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, वेग किलोमीटरमध्ये दिसायला हवा, आणि ती मुंबई बंदरातूनच उतरते. मेसेजवाल्याची “जुनी” गाडी पहिल्याच अटीत बाद. उजवं स्टिअरिंग जमलं तरी तिचा काटा मैलांचा. नव्या-कोऱ्यासारखी गाडी असली तरी कर मिळून तिच्या किमतीपेक्षा जास्त होतात. काही जण कार्नेट, म्हणजे गाडी ड्युटी न भरता तात्पुरती आणायचा कागद, सुचवतात. ते प्रवाशासाठी आहे. त्यावर आलेली गाडी सहा महिन्यांत देशाबाहेर परत न्यावी लागते, एमएच ०९ नंबर तिला मिळत नाही.

राहिली इथल्या पॉलिसीला “परदेशाची जोड”. ही जोड खरोखर असते, आम्ही ती देतो, आणि तिचा जादा हप्ताही किरकोळ असतो. फक्त ती तुमच्या इथल्या गाडीला असते, आणि तिच्यात सहाच देश येतात: नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान. पशुपतिनाथाला स्वतःच्या गाडीनं निघालात तर निघायच्या आधी पॉलिसीवर तिची नोंद करून घ्या. इंग्लंडात रेडिंगला उभ्या असलेल्या गाडीवर तिचा काडीचा उपयोग नाही.