वाटीभोवती दुखतंय म्हणून जिना सोडू नका

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘गुडघ्याच्या वाटीजवळ दुखतं, कटकट आवाज येतो, म्हणजे वंगण संपलं. जिने, उठाबशा, धावणं कायमचं बंद करा. नी-कॅप घाला, मशीनचा शेक घ्या.’ मी फिजिओथेरपिस्ट आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी हा मेसेज मला दाखवताना रडली, म्हणून लिहितेय.

‘वंगण संपलं’ हे चूक आहे. सांध्याचं अस्तर तो द्रव सतत बनवत असतं. वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून वरखाली सरकते. उभं असताना गुडघा जितका वाकेल तितका तिच्यामागचा दाब वाढतो. म्हणून जिना उतरताना, उकिडवं बसताना दुखतं. तरुण वयात बहुतेकदा सवयीपेक्षा जास्त भार एकदम पडलेला असतो. या मुलीने 800 मीटरच्या सरावाला दोन आठवड्यांत रोजची टेकडी जोडली होती.

आवाजाचं म्हणाल, तर अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी गुडघ्यांतही तो येतो. नुसत्या आवाजावरून झीज ठरत नाही.

‘कायमचं बंद करा’ या सल्ल्याचा मला खरा राग येतो. बसून राहिलं की मांडी आणखी अशक्त होते आणि आधी झेपणारा जिनाही झेपेनासा होतो. कॉक्रेन ही उपचारांचे पुरावे तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था; तिच्या 2015 च्या आढाव्यात या दुखण्यावरच्या व्यायामाच्या 31 चाचण्या तपासल्या होत्या. पुरावा उच्च दर्जाचा नव्हता हे मान्य, पण कल एकच दिसला: व्यायामाने दुखणं कमी होतं. 2018 च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-सहमतीतही गुडघ्यासोबत खुब्याचे व्यायाम सुचवले आहेत. खुबा कशाला? त्या मुलीला मी सहा इंची पायरीवरून एका पायाने हळू उतरायला सांगितलं, तर गुडघा दर वेळी आत कलत होता; त्याला सरळ धरायला खुब्याचे स्नायू लागतात. मग कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, भिंतीला पाठ टेकून गुडघे अर्ध्यापेक्षा कमी वाकवणं, आणि तीच पायरी, आरशासमोर. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते वाढलेलं नको. वाढलं तर व्यायामाच्या फेऱ्या कमी. टेकडी आणि खोल उठाबशा थोडे दिवस थांबवल्या, धावणं कमी केलं, बंद नाही. आठव्या आठवड्यात ती टेकडीवर परतली.

नी-कॅप आणि मशीन? 2019 च्या अमेरिकी फिजिओ मार्गदर्शक तत्त्वांनी या दुखण्यासाठी दोन्ही नको म्हटलंय. सुरुवातीचे तीन-चार आठवडे व्यायामाच्या जोडीला वाटीवर टेप (त्वचेला चिकटवायची पट्टी) लावली तर चालते.

मात्र गुडघा सुजला असेल, अडकत असेल, मार लागल्यावर दगा देत असेल किंवा ताप असेल, तर व्यायामाच्या आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.