रुस्तमचा आठवा प्रसंग: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आधुनिक फारसी कवितेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘नवकवींनीच आरश आणि रुस्तम उकरून काढणं म्हणजे मागे वळणं. आपल्याकडच्या पौराणिक गौरवगाथांपेक्षा हे वेगळं कसं?’ आरश आणि रुस्तम हे प्राचीन इराणी कथांमधले वीर. तुमचा प्रश्न मनाला लागला, म्हणून सविस्तर लिहिते.

मुळात तिथल्या नवकवितेने पुराणकथा कधी टाकलीच नव्हती. ओळी समान मापाच्या असण्याचं हजार वर्षांचं बंधन नवकवितेचा प्रवर्तक निमा यूशीजने झुगारलं ते १९३८ च्या ‘कुकनूस’ या कवितेत. विषय कोणता, तर स्वतःला जाळून घेणारा आणि ज्याच्या राखेतून पिल्लं बाहेर पडतात तो पक्षी.

सियावश कसराईच्या ‘आरशे कमानगीर’ (धनुर्धर आरश) या कवितेबद्दल (१९५९) तुमचं थोडं मान्य. सूर चढा आहे, वीररसही भरपूर. पण आरश राजा नाही, साधा सैनिक आहे. बाण जिथे पडेल तिथे देशाची सरहद्द, असं ठरलेलं; त्या एका बाणात तो आपला प्राण ओततो. शोधायला गेलेल्यांना सापडतं फक्त धनुष्य आणि रिकामा भाता. १९७१ मध्ये इराणच्या शाहने, म्हणजे राजाने, पर्सेपोलिस या प्राचीन राजधानीच्या अवशेषांपाशी अडीच हजार वर्षांच्या राजेशाहीचा सोहळा केला. प्राचीन इराणची आठवण त्यानेही काढली, पण सम्राटांची.

आता दुसरा नवकवी, मेहदी अखवान-सालेस. आपल्याला रुस्तम म्हटलं की ‘रुस्तुम-ए-हिंद’ किताब आठवतो, जिंकलेला पैलवान आठवतो. फारसी वाचकाला मात्र त्याच्या मरणाचा खड्डाही आठवतो. फिरदौसीच्या ‘शाहनामा’ या महाकाव्यात रुस्तम सात दिव्यं पार करतो. अखवानच्या कवितेचं नाव ‘खाने हश्तुम’, म्हणजे आठवं दिव्य. थंडीच्या रात्री, कहवाखान्यात, कथेकरी ते सांगतो आहे: सावत्र भाऊ शगादने भाले रोवून ठेवलेला खड्डा, आत रुस्तम आणि त्याचा लाडका घोडा रख्श.

फिरदौसीचा रुस्तम मरता मरता शगादला झाडासकट बाणाने विंधतो. सूड पुरा होतो. अखवान तिथेच कथेला हात घालतो. त्याच्या कवितेत रुस्तमला बाण मारता आला असता, त्याने मनात आणलं असतं तर. साठ वेढ्यांचा फास वर टाकून बाहेरही येता आलं असतं, मनात आणलं असतं तर. कथा खरंच सांगते, असं कवी बजावतो, आणि पुढच्या एका शब्दावर कविता सोडून देतो: ‘पण...’

१९५३ च्या ऑगस्टमध्ये इराणचे पंतप्रधान मोसद्देक यांचं सरकार उलथवलं गेलं, त्यानंतर अखवान तुरुंगात गेला. घरातल्याच माणसांनी खणलेला खड्डा म्हणजे काय, हे त्याच्या पिढीला वेगळं समजावावं लागत नव्हतं. सेन्सॉरच्या भीतीने त्याने रुस्तमचा आडोसा घेतला, असंही म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. आडोसाच हवा असता तर शेवट बदलायची गरज नव्हती.

मला त्या ‘पण’मध्ये गौरव सापडत नाही. तुम्हाला कुठल्या ओळीत सापडला, ते जरूर लिहा. मी पुन्हा वाचेन.