नको म्हणायची सोय

गेल्या महिन्यात मामांशी फोनवर पुन्हा भांडण झालं. विषय जुनाच, फुकटचं रेशन. "माणशी पाच किलो धान्य घरात येऊन पडायला लागल्यापासून खुरपायला बाई मिळंना. तुला तिकडं बसून काय कळायचं?" मामांची शेती बीड जिल्ह्यात. इथे अमेरिकेत बसून फार कळत नाही, हे कबूल. पण मामांचं कार्ड केशरी आहे. मराठवाडा-विदर्भातल्या ज्या १४ जिल्ह्यांत एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरच्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यावर यायला लागले (पुढे ते १७० झाले), त्यांत बीडही आहे. ते पैसे मामा घेतात. त्यांचा तो हक्क, खुरपणाऱ्या बाईची मात्र सवय. मी हे बोलून दाखवलं आणि मामींनी फोन काढून घेतला.

आपल्याकडे या वादाला दोनच बाजू असतात. रेवड्या वाटू नका, नाहीतर मग गरिबाला उपाशी मारता का. किती द्यायचं आणि कुणाला, यावर घसे बसतात. कसं द्यायचं, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नसतं, पण एका शनिवारी इथल्या बाजारात एक बाई रांगेत माझ्यापुढे होती.

मी मिशिगनमध्ये राहते. उन्हाळ्यात दर शनिवारी इथे शेतकरी बाजार भरतो. बाजाराच्या तोंडाशीच एक टेबल असतं. सरकारी अन्नमदतीचं कार्ड असलेला माणूस तिथे कार्ड घासतो, हवी तितक्या डॉलरची लाकडी टोकन घेतो आणि गर्दीत मिसळून जातो. वर भाजी-फळांसाठी तेवढीच टोकन जादा मिळतात. दहाची काढली तर वीसचा बाजार. ही दुपटीची योजना २००९ मध्ये डेट्रॉइटमध्ये सुरू झाली. तर ती बाई टोमॅटो निवडत होती. आपल्या आयाबाया निवडतात तसे, दाबून, देठ बघून, खालच्या थरातले वर काढून. शेतकऱ्याने एक टोमॅटो तिच्या पिशवीत टाकला. तिने तो काढून परत ठेवला. हा नको. मग टोकन मोजून दिली आणि पुढच्या गाळ्याकडे गेली.

तिच्या त्या 'हा नको'पाशी मी अजून अडकले आहे.

माझी आई १९७२ च्या दुष्काळात दहा वर्षांची होती. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावरची सुकडी, दोन्हींची चव तिला अजून सांगता येते. मिलोनं जगवलं, हेही ती त्याच दमात सांगते. तक्रार नाही. फक्त आजही दुकानात लालसर ज्वारी दिसली की ती हात मागे घेते. तेव्हा घेता आला नव्हता.

रेशनच्या दुकानात तो आजही घेता येत नाही. आधी मशीनवर अंगठा लागला पाहिजे, आणि मजुराच्या झिजलेल्या बोटांचा तो पहिल्या फटक्यात लागेलच असं नाही. मग तांदूळ आला असेल तर तांदूळ, गहू आला असेल तर गहू. २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल मिळालं, ते पिशवीवरच्या नेत्यांच्या फोटोंसकट. भाजी या हिशेबात कुठेच नाही. आणि मागच्या उन्हाळ्यात मामांनी टोमॅटोचे कॅरेटच्या कॅरेट बांधावर ओतले, कारण गाडीभाडं आणि हमाली जाऊन हातात काही उरत नव्हतं. खुरपायला येत नाहीत म्हणून ज्या बायकांवर मामा चिडतात, त्यांच्या चुली तिथून हाकेच्या अंतरावर आहेत.

अमेरिकेने हे कोडं १९३९ मध्ये सोडवायला घेतलं. मंदीचा काळ, शेतमाल तुंबलेला आणि शहरांत रिकामी पोटं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये कुपनं निघाली. एक डॉलरची नारिंगी कुपनं विकत घेतली की अर्ध्या डॉलरची निळी फुकट, आणि निळ्यांवर सरकारने शिल्लक ठरवलेलाच माल घ्यायचा. (केशरी रंगाची ही भानगड तिकडेही होती, हे मामांना सांगायचं राहिलं.) पुढे कागदी कुपनं जाऊन प्लॅस्टिकची कार्डं आली आणि शेतकरी बाजाराची पंचाईत झाली. उघड्यावर बसणाऱ्या शेतकऱ्याकडे ना मशीन, ना फोनची लाइन. कुपनवालं गिऱ्हाईक तुटलं. लाकडी टोकन त्यातून आली. अख्ख्या बाजाराला एक मशीन पुरतं, आणि शेतकरी जमलेली टोकन देऊन पैसे घेतो.

म्हणून अमेरिकेची आरती ओवाळायची गरज नाही. त्याच कार्डावर दुकानातली थंड कोंबडी मिळते, गरम भाजलेली मिळत नाही. यातला तर्क मला अजून कुणी समजावलेला नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारचं कामकाज ठप्प होतं, तेव्हा चार कोटींहून जास्त लोकांच्या कार्डावरचे पैसे वेळेवर आलेच नाहीत. त्या दिवसांत मी एका अन्नवाटप केंद्रात पिशव्या भरायला जात होते. सगळ्यांना एकसारखी पिशवी. संध्याकाळी निघताना बाहेरच्या बाकावर न उघडलेले डबे दिसायचे, नीट ओळीत मांडलेले. फेकलेले नव्हते. आत नको म्हणायला जागा नव्हती, म्हणून कुणीतरी ते बाहेर येऊन म्हटलं होतं.

इथली माझी काही मित्रमंडळी म्हणतात, मग रेशन बंद करा आणि सरळ पैसे द्या. मला ते पटत नाही. मामांचंच उदाहरण घ्या. १५० चे १७० व्हायला वर्ष उलटलं, किराणा तेवढा थांबत नाही. पाच किलो धान्य महागाईतही पाच किलोच राहतं. ते राहू दे. त्याच्या जोडीला महिन्याला थोडी रक्कम फक्त ताज्या भाजी-फळांची असावी आणि ती शेतकऱ्यांच्या बाजारात चालावी. २०१६ मध्ये राज्याने भाजी-फळं बाजार समितीच्या नियमनातून मोकळी केली. संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारही सुरू झाले. गावात तर आठवडी बाजार पिढ्यान्‌पिढ्या भरतोय. अट एकच. पिवळं कार्ड पुढे करून मेथी घ्यायची असेल तर योजना पहिल्याच बाजाराला मेली म्हणायची. इथली लाकडी टोकन चारचौघांत दिसतात, तेवढी त्यांच्यात खोट आहे. आपल्याकडे भाजीवालीच्या पाटीजवळ क्यूआर कोड टांगलेला असतो. पैसे पगाराचे की सरकारचे, हे तिला कळायचं कारणच नाही.

पुढच्या रविवारी मामांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हेच खूप.

"म्हंजे माझ्याच रानातली बाई बाजारात यायची, माझी टमाटी दाबून बघायची आन् नको म्हणायची?"

"हो, मामा. व्यापारी नाही का रोज म्हणत?"

"त्यो तर न बघताच म्हणतो," मामा म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, "तिकडं काय भावानं जातो गं टमाटा?"